बरोबरीचा अथवा सरस

३ मार्च १९८४, दम्माम, सौदी अरेबिया

दोरीची गाठ शेवटी दातांनी सोडवली. आईने मारलेली गाठ. कापायची नाही, असं तिने बजावलं होतं. परत येताना सामान याच दोरीने बांधायचं. पेटीत वर कपडे, खाली पटाश्या, प्रत्येकीला वेगळं फडकं. एकीचीही धार गेलेली नाही.

खोलीतला दुसरा माणूस पलंगावर पालथा पडून हे पाहत होता. वदीअ त्याचं नाव. वरच्या इजिप्तचा, मिन्याचा. गवंडीकाम करतो, इथे जुना आहे. म्हणाला, "दुम्यातचा ना तू? दोरीसुद्धा वाया घालवत नाहीस. मग, पाहुण्याला जेवायला घालणार, की हलक्या पोटी झोपलेलं तब्येतीला बरं?" आम्हा दुम्यातवाल्यांच्या चिक्कूपणाचा विनोद माझ्याआधी समुद्र ओलांडून आला होता. मी म्हणालो, मिन्यावाल्याला दोन्हीतला फरक कुठे कळतो. तो पलंग हलेपर्यंत हसला. आमचं जमेल.

कारखाना पाहिला. बर्मी सागवान, छतापर्यंत रचलेलं. आमच्या सुतारांच्या दुम्यातलाही असं लाकूड फक्त गिऱ्हाइकाच्या बोलण्यात असतं. एका मोठ्या माणसाच्या घराचे दरवाजे करायचे आहेत, पूर्ण नक्षीचे. मुकादमाने माझे हात उलटसुलट पाहिले आणि मान हलवली.

करार दोन वर्षांचा. मग घरी. इन्साफला फ्रिज, घरावर आणखी एक मजला, बसमाला चांगली शाळा. आणि घराखालच्या माझ्या कारखान्यावर माझ्या नावाची पाटी. आज झोप लागेल.

९ मार्च, शुक्रवार

सुट्टी. वदीअने मसूर शिजवला, मी कांदा चिरला. जेवताना त्याने विचारलं, करार वाचलास का.

वाचणार कसा? सही माशांच्या बाजारामागच्या कॉफीच्या दुकानात झाली. मध्यस्थ शौकीमामा. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या शब्दावर इकडे आली आहेत. मी कागद हातात घेऊन पहिली ओळ वाचायला लागलो, तसा मामांनी चहाचा पेला खाली ठेवला. "वाचतोस? माझ्यासमोर?" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मग मामा हसले. "अरे रिफअत, लग्नाआधी बायको वाचून घेतली होतीस का? डोळे मिटून सही केलीस. वाईट झालं का काही?" सगळे हसले. मीही हसलो. मध्यस्थासमोर कागद वाचणं म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडणं. आमच्यात कोणी वाचत नाही. आम्ही फातिहा म्हटली, तोंडावरून हात फिरवले, मी सही केली. माझी प्रत पेटीच्या तळाशी आहे.

वदीअ म्हणाला, त्यानेही वाचला नव्हता. त्याच्या उशाशी चार मुलांचा फोटो आहे. सगळ्यांना घरून आवाज भरलेल्या कॅसेट येतात, त्याला येत नाही. रजेवरही जात नाही, म्हणे. मी विचारलं, घरचे बरे आहेत ना? "मजेत आहेत," म्हणाला. "मी आहे ना तिथे."

वरच्या इजिप्तची माणसं असं काहीबाही बोलतात. त्यांच्यावर विनोद होतात ते उगाच नाही.

१६ मार्च, शुक्रवार

पहिली कॅसेट आली. रजेवरून परतलेल्या एका सुताराने आणली. दुपारी वदीअ बाहेर गेल्यावर लावली.

आधी आई. नातेवाइकांपैकी कोणी वगळलं जाऊ नये म्हणून सगळ्यांचे सलाम. मग, "तू निघालास त्या दिवशी घर झाडलं नाही हो मी. वाटेवरच्या माणसाची पावलं झाडली जातात." मग बसमा. तिचा दात पडला. छतावर जाऊन सूर्याकडे फेकला आणि नवा मागून घेतला. मग इन्साफ. सासूसमोर बोलते तसं, तोलून. "अबू-बसमा, आम्ही ठीक. तुझी तब्येत सांभाळ." बसमाचा बाप म्हणून अबू-बसमा. एकटी असली की ती मला नुसतं रिफअत म्हणते.

ती बोलत असताना मागे आवाज येतो. मोगरीचा, पटाशीवर. थांबून, पुन्हा. खालून.

खालच्या कारखान्याची किल्ली माझ्याकडे आहे. आत्ता माझ्या उशाखाली आहे.

शेजारी कमालचं दुकान आहे. माझ्याआधी त्याने इन्साफला मागणी घातली होती. तिच्या बापाने नाही म्हटलं. त्याला बारा वर्षं होतील; मी गल्लीत असलो की तो अजूनही आमच्या खिडकीकडे बघत नाही, आणि मी नसलो की बघतो.

तेवढा भाग पुन्हा पुन्हा ऐकला. कमालचा हात जड आहे. हा हात हलका आहे. चांगला आहे. ते चांगलं असणंच मला जास्त लागलं.

२३ मार्च, शुक्रवार

कॅसेट भरून पाठवली. विचारलं, खाली कोण ठोकत होतं. सहज विचारल्यासारखं. तीनदा पुसून पुन्हा भरावं लागलं; आवाज सहज येत नव्हता.

आज दरवाजावरच्या द्राक्षवेलीचं एक पान कोरताना तुटलं.  मुकादम एवढंच म्हणाला, दुम्यातवाल्यांची पानं तुटत नसतात.

६ एप्रिल, शुक्रवार

उत्तर आलं. जसं ऐकलं तसं लिहितो.

इन्साफ म्हणते, "कमाल? काहीतरीच काय! कंपनीचा माणूस आहे तो. तू इतका कसा रे मनात ठेवणारा? करारात एवढी चांगली सोय, आणि घरी एक शब्द नाही. तू गेलास आणि चौथ्या दिवशी तो दारात उभा, कागद घेऊन. रिकामी जागा भरायला आलोय, म्हणाला. मी तर दारच लावून घेत होते. पण मामा आले, त्यांनी तुझी सही ओळखली."

मामांचा आवाज, लांबून: "मी कुठे वाचतो? मी माणसं बघतो. माणूस चांगला आहे."

आई: "हात सैल आहे याचा, देव भलं करो. मासे आणतो ते शेजारी वाटून उरतात. दुम्यातचा नाहीच तो." आणि हसते. माझी आई. मी पावशेर जास्त आणले तर ओरडणारी.

इन्साफ: "तो कारखान्यात झोपतो, वर फक्त जेवायला येतो. तुझ्या मनात काही यायला नको. कुलूप त्याने तोडलं नाही, त्याच्याकडे किल्ली होती. खिडकीची झडप नीट केली. आठवतंय? तू दर ईदला करतो म्हणायचास."

बसमा: "बाबा, तो गणित शिकवतो आणि रागवत नाही."

 वदीअ आला, माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवला.

पेटी उपसून करार काढला.

७ एप्रिल

करार वाचला. कामाच्या वेळा, राहणं, आजारपण, सगळं सगळ्यांच्या कागदावर असतं तसं. भाषा सरळ आहे. काही लपवलेलं नाही. बारीक अक्षरही नाही.

कलम अकरा. दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीने त्याच्या घरी जी जागा रिकामी होईल, ती पहिला पक्ष स्वखर्चाने भरेल. नेमलेला माणूस दुसऱ्या पक्षाच्या बरोबरीचा अथवा सरस असेल.

कलम बारा. एक नाव एका वेळी दोन ठिकाणी हजर धरलं जाणार नाही.

कलम चौदा. दुसऱ्या पक्षाला नोकरी केव्हाही सोडता येईल, मात्र त्याची परतीची जागा रिकामी असली पाहिजे.

दुसरा पक्ष म्हणजे मी. खाली माझी सही आहे. ठळक, थोडी वर चढणारी. त्या दिवशी मी खुशीत होतो.

दिवसभर एकच शब्द डोक्यात होता. सरस. कशात?

९ एप्रिल

कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथला अधिकारी सभ्य माणूस आहे. उठून उभा राहिला, वेलदोड्याची कॉफी दिली, खजूर पुढे केले. मी कागद ठेवला. त्याने तो वाचायची तसदी घेतली नाही; त्याला तो पाठ आहे.

त्याचं म्हणणं असं. बाकीच्या कंपन्या माणूस नेतात आणि घर वाऱ्यावर सोडतात. मुलं बिघडतात, म्हातारी माणसं वाट बघत मरतात, बायका रडून कॅसेट भरतात. ही कंपनी तसं करत नाही. घरून माझ्याकडे काही तक्रार आली आहे का?

मी म्हणालो, नाही.

मग?

मी म्हणालो, तक्रार माझी आहे. तो माणूस परत बोलवा. अधिकारी म्हणाला, तोही कराराने बांधलेला आहे, माझ्यासारखाच. एका सहीने गेला, एका सहीने परत येणार नाही. मी विचारलं, त्याला स्वतःचं घर नाही का? अधिकाऱ्याने माझा पेला पुन्हा भरला. "होतं," म्हणाला. "भरलेलं आहे."

मी म्हणालो, मग मीच नोकरी सोडतो. त्याने कलम चौदावर बोट ठेवलं. अगदी हळू, जणू आजाऱ्याला औषध दाखवतोय.

१३ एप्रिल, शुक्रवार

इन्साफला कॅसेट भरली. त्याला घालव, म्हणालो. माझं नाव घेऊन सांग, घालव. मग वाटलं, ही भाषा हरलेल्या माणसाची. पुसली. नव्याने म्हणालो, त्याला एक विचार. आपल्या लग्नात दिवे गेले तेव्हा मी काय केलं होतं? बघू सांगता येतं का. सरस आहे ना तो.

४ मे, शुक्रवार

आली.

आई नाही, मामा नाही. सरळ इन्साफ. "विचारलं त्याला. नाही सांगता आलं. कसं येणार? तू फ्यूज बघायला गेला होतास आणि मी अंधारात तासभर एकटी बसले होते.  मग तो म्हणाला, मी असतो तर आधी तुझा हात धरला असता, फ्यूज कोणीही बघितला असता."

 फीत फिरत राहते.

मग त्याचा आवाज. पहिल्यांदाच ऐकला. "उस्ताद, तुला वाईट वाटतंय, बरोबर आहे. तुझ्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं." आवाज माझा आहे. म्हणजे, मला माझा जसा ऐकायला आवडेल तसा. त्याला घाई नाही.

आणि शेवटी, कळ दाबायच्या आधी, त्याने हळूच काहीतरी म्हटलं आणि इन्साफ हसली. तोंडावर हात ठेवून हसते तसं. हे हसू मी साखरपुड्यानंतर ऐकलेलं नाही. मला वाटत होतं, वयाबरोबर ते गेलं.

गेलं नव्हतं. ठेवलेलं होतं.

६ मे

काम होत नाही. पटाशी उचलतो आणि तो ती कशी धरत असेल ते बघतो. माझ्या कारखान्यात एक कपाट अर्धवट पडलंय, वरच्या भागात दोन मोर. एकाची मान मला तीन वर्षं जमली नव्हती. त्याला जमली असेल.

तो तिला काय करतो, याचा विचार येतो. पण त्याहून जास्त मोराचा येतो. हे कोणाला सांगणार.

११ मे, शुक्रवार

वदीअला सगळं सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. कांदा चिरत होता, चिरत राहिला.

म्हणाला, मी गेलो होतो. पळून. बोटीने, मग रेल्वेने, मग खेचरावरून. दार वाजवलं. त्याने उघडलं. माझाच गलाबिया, तो लांब झगा, घातलेला, पण त्याला जास्त शोभत होता. त्याने मला ओळखलं. आत बसवलं. माझी मुलं आली, त्यांनी अदबीने हात मिळवला, धाकटा त्याच्या पायाला बिलगून उभा राहिला. बायकोने चहा पाठवला.

मी विचारलं, मग?

"मग काय, गाववाल्या. प्यालो. चहा चांगला होता. मला लागतो तसाच, काळा, भरपूर साखर. ती इतकी वर्षं कधी असा करत नव्हती. सांगून सांगून थकलो होतो. त्याने एकदाच सांगितलं असणार."

त्याने सुरी पुसली. "त्याला मारायचं म्हणून गेलो होतो. पण माझं घर मी इतकं नीट चाललेलं कधी बघितलं नव्हतं. कोणत्या तोंडाने मारू?"

१८ मे, शुक्रवार

कॅसेट नाही.

मीच पाठवल्या. तीन. एकीत बसमासाठी गाणं म्हटलं. कधी म्हटलं नव्हतं. मध्येच शब्द विसरलो.

२५ मे, शुक्रवार

नाही.

सकाळच्या हजेरीत मुकादमाने माझं नाव घेतलं नाही. माझ्या आधीच्या नावानंतर थेट पुढचं. मी हात वर केला. तो म्हणाला, हो हो, तू आहेस, दिसतोयस की. नाव मात्र लिहिलं नाही. वदीअ म्हणाला, माझंही घेत नाहीत. ते नाव आता घरी त्याच्याकडे असतं. मला समजलं नाही. मग कलम बारा आठवलं.

१ जून, शुक्रवार

रमजान लागला. उपास सोडताना सगळे घरच्या आठवणी काढतात. कोणाच्या आईची गोड कुनाफा, कोणाच्या बायकोचं बदक. मला विचारलं, तुझ्याकडे काय करतात? सांगायला लागलो आणि थांबलो. तिथे आत्ता, याच घटकेला, ताट वाढलेलं आहे. माझ्या जागेवर. तो खजूर उचलतो, पहिला बसमाला देतो. मी आधी स्वतः खायचो.

मला काय काय आधी द्यायला हवं होतं त्याची —

नाही. हे लिहायचं नाही.

२२ जून, शुक्रवार

पार्सल. ईदचे काहक, तुपातली बिस्किटं, आईच्या हातची, वर साखर भुरभुरलेली. डबा नाही, कागदाची पुडी. डब्यातले घरच्यांना असतात. पुडीतले पोस्टमनला, झाडूवाल्याला देतात.

आणि कॅसेट.

इन्साफ. जपून, मान देऊन बोलते. "परक्या भावा, तुम्हाला ईदच्या शुभेच्छा. माझ्या नवऱ्याने सांगितलं, तिकडे दम्मामला त्याच्या जागी तुम्ही काम करता. त्याच्या नावावर कष्ट तुमचे. तुमच्यामुळे तो आमच्यात आहे. देव तुम्हाला तुमच्या माणसांत पोचवो. तुमच्या कॅसेट येतात. एकटेपणाने माणूस बोलतो, आम्ही वाईट वाटून घेत नाही. पण आता पाठवू नका. मुलगी घाबरते."

मग मागे वळून, दुसऱ्याच आवाजात: "रिफअत, आठवतं? आपल्या लग्नात दिवे गेले होते, तेव्हा तू माझा हात धरून बसला होतास, सगळे फ्यूज शोधत होते?"

तो म्हणाला, आठवतं.

मग बसमा. "काका, सलाम."

काका.

मग दाराचा आवाज आणि काहीतरी फुटल्याचा. मातीचं. आईने मडकं फोडलं. नको असलेला पाहुणा उंबरा ओलांडून गेला की आमच्याकडे त्याच्या मागे मडकं फोडतात. परत येऊ नये म्हणून.

काहक सगळे खाल्ले. उपास असताना. आईच्या हाताला साखर कमी पडली होती. की त्याला कमी आवडते —

२४ जून

काही नाही.

२६ जून

मी तिचा हात धरला नव्हता. मी फ्यूज बघायला गेलो होतो. हे मी इथे लिहून ठेवतो. मी फ्यूज — स्टुलावर उभा, बोटाला चटका बसला होता, डाव्या. खूण आहे. मी असा होतो. असा होतो तो मी —

२८ जून

कचेरी. कॉफी नाही, रमजान आहे. अधिकारी म्हणाला, दुम्यातची जागा भरलेली आहे, उत्तम भरलेली आहे, तिथून कौतुकाचं पत्र आलंय. इन्साफचं अक्षर. मी ओळखलं. मी म्हणालो, मला इथे राहायचं नाही. तो म्हणाला, कोण राहा म्हणतंय? इतर जागा आहेत. रोज होतात. रोज कोणीतरी सही करून विमानात बसतो.

माझ्यापुढे कागद ठेवला. तंता, इजिप्तमधलंच गाव. घर, बायको, एक मुलगा. नवरा हिल्मी, रंगारी. या आठवड्यात इथे पोचतोय. माझ्याच पलंगावर, वदीअच्या शेजारी.

अधिकारी म्हणाला, वाचून घ्या हवं तर. आपल्यात कोणी मध्यस्थ नाही.

वाचलं. प्रत्येक ओळ. या वेळी समजत नव्हतं असं काही नव्हतं. बरोबरीचा अथवा सरस.

सही केली.

ईद, तंता

पोचलो. दुसरा मजला. तिचं नाव अझीझा. दार अर्धंच उघडलं. कागद मागितला. तिने वाचला, उभ्याने, पूर्ण. मग म्हणाली, "त्याला सांगत होते, वाच रे बाबा. म्हणाला, शेख सालिमसमोर कसा वाचू, तोंड उरणार नाही. आता उरलंय ना तोंड!" डोळे भरले होते पण आवाज कोरडा. "न्हाणीघराची भिंत ओली होते. तेवढं तरी जमतं का? रंगारी असून त्याला जमलं नव्हतं."

मी म्हणालो, बघतो.

मुलगा पडद्यामागून बघत होता. हिशाम. मी पेटी उघडली. बसलो. तो आला, आणि माझ्या पटाश्या मोजायला लागला. मी रागावलो नाही.

ईदचा तिसरा दिवस

भिंत झाली. नळाचा जोड झिरपत होता, एवढंच. कोणालाही जमलं असतं. आधी हात लावायचा असतो.

ती म्हणाली, एवढंच होतं? आणि मग हसली नाही. पण ओठ —

हिल्मी कसा असेल? खुंटीवर त्याचा शर्ट आहे. कॉलर आतून रंगाने माखलेली. तिने तो धुतलेला नाही. का धुतलेला नाही? मी दिवसभर त्या शर्टाकडे पाहत होतो. मी भिंत केली, आणि ती शर्ट धूत नाही.

शुक्रवार

शर्ट धुतला. वाळत आहे. मला होईल, म्हणाली.

झाला.

शुक्रवार, पुढचा

आज ती कॅसेट भरत होती. त्याच्यासाठी. पुढच्या खोलीत, दार लोटून. आवाज तोलून. अबू-हिशाम, आम्ही ठीक, तब्येत सांभाळ.

मी स्वयंपाकघरात होतो. गप्प राहता आलं असतं. पाय न वाजवता जिना उतरता आला असता. त्या बाजूला तो पलंगाच्या कडेला बसून ऐकणार, वदीअ बाहेर गेल्यावर, फीत मागे नेऊन, पुन्हा. मला माहीत होतं, कानाच्या कुठल्या टोकाला काय लागतं ते. कोणाहीपेक्षा मला माहीत होतं.

हिशामला मोठ्याने हाक मारली. काही काम नव्हतं. तो धावत आला. त्याला कडेवर घेतलं आणि हसवलं. गुदगुल्या करून. खूप हसला. ती पुढच्या खोलीत बोलायची थांबली. कळ दाबली नाही. फीत फिरत होती आणि तिने ती फिरू दिली आणि मी —

माझं नाव रिफ

शनिवार

सकाळी भट्टीवर भाकऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो. पुढच्या माणसाने वळून पाहिलं, जागा करून दिली आणि म्हणाला, "या अबू-हिशाम, आज लवकर?" मी हो म्हणालो. भाकऱ्या घेतल्या आणि घरी आलो.